आंधी कान

कारखान्यातून सगळ्या मोटारी
एकच नंबर घेऊन येतात : एक.
सहा डबे उघडले, सहा एक.
एकाच वायरीवर सहाही जोडल्या
तर एका हाकेला सगळ्या मिळून ओ देतात
आणि लॅपटॉपला कोणाचंच धड ऐकू येत नाही.

म्हणून एकेकीला वेगळं घ्यायचं.
स्कॅन. सापडली. नंबर बदल. सेव्ह.
डाव्या काना, तू एकच राहा.
उजवा, दोन.
आडवी मान तीन, उभी मान चार.
जबडा पाच.
शेपटीच्या वेळी लाईट गेली.
श्रावण सरता सरता टिमकीत लाईट अशीच जाते,
सांगून नाही, आणि नेमकी सेव्हच्या आधी.

डोमाजी मिस्त्रींना काहीच फरक पडला नाही.
दारातल्या उजेडात पाटावर बसून
ते खुराला पॉलिश पेपर घासत राहिले.
सागाचा बैल, दोन फूट उंच.
इतवारीतल्या तुमाने साडीवाल्यांची ऑर्डर :
तान्ह्या पोळ्याला शोकेसमध्ये
मान हलवणारा नंदी पाहिजे,
लेकरं थांबली पाहिजेत,
लेकरांच्या मागे त्यांच्या आया.

लाईट आली. सहा नंबर सापडला.
मी स्लायडर धरला :
शून्यापासून चार हजार पंच्याण्णव,
मधोमध दोन हजार अठ्ठेचाळीस, म्हणजे समोर बघणं.
बैलानं डावीकडे पाहिलं.
उजवीकडे पाहिलं.
वेग कमी केला, पुन्हा डावीकडे.
मला ते फार छान वाटलं.
डोमाजी म्हणाले,
"हा काही बैल नाही होय, पोरी.
टेबलफॅन होय."

मग दुपारभर आकडे.
गेन वाढवला तर मान थरथरायची,
कमी केला तर आपल्याच शिंगांच्या वजनानं
लोंबायची.
चार नंबरचं तापमान एकसष्ट, बासष्ट,
मग लाल दिवा लुकलुकायला लागला.
"जळली काय वो?"
"नाही. दमली."
"मंग सोड ना तिले."

सोडायचं बटण आहे. टॉर्क बंद.
ते दाबलं की मोटार हट्ट सोडते,
कोणी वळवेल तशी वळते,
पण आपण कुठं आहोत
ते मात्र सांगत राहते.
हे मला माहीत होतं. सुचलं नव्हतं.

"तुम्हीच धरा," मी म्हटलं.
डोमाजींनी भुसा पायजम्याला पुसला.
"आंधी कान.
बैल आंधी कानानं पाह्यते, मंग डोळ्यानं.
मान सगळ्यात शेवटी,
तेही त्याच्या मनात असलं तं."

डावा कान जरासा मागे. थांबले.
इतका वेळ थांबले की मला वाटलं रेकॉर्डिंग अडकलं :
आडव्या मानेचा आकडा नुसता
अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस.
मग मान आधी खाली गेली,
जू उतरल्यावर जाते तशी,
आणि तिथून, कोणाच्या घाईत नसल्यासारखी, वळली.

स्क्रीनवर सहा रंगांच्या रेषा.
चौथीला बारीक बारीक दाते.
करवतीनं एक पेर नेल्यापासून
त्यांचा हात असाच कापतो.
दाते घालवायला एक चौकट आहे, टिचकी मारली की झालं.
मारली. चालवलं.
डोमाजी काही बोलले नाहीत,
पण मला तो पंखा दिसला.
टिचकी काढली.
मग मोटार तापू नये म्हणून
थोडीशी परत मारली.

सातला बैलानं पहिल्यांदा पूर्ण पाहिलं.
गल्लीतली दोन पोरं दाराशी आली
आणि त्याच्या नजरेच्या वाटेतून
बाजूला सरकली.

"बंद केल्यावर याले याद राहीन काय?"
"नंबर राहील. चाल लॅपटॉपमध्ये."
"म्हंजे तू घरी गेली का हा लाकूड."
"हो."
ते "हं" म्हणाले,
त्यात राग नव्हता.

मी पुरवठा तोडला. मान घरंगळली.
मी वायरी गुंडाळत होते तेव्हा
त्यांनी सागाचा एक तुकडा शोधला,
पटाशीनं दोनदा तासला
आणि जबड्याखाली सरकवला,
रात्रभर लोंबू नये म्हणून.